मामाच्या म्हशीचं अर्धा गिलास दूध

डॉक्टरांनी आम्हा मायलेकींना एकाच दिवशी दूध लिहून दिलं आणि आमच्यातल्या एकीने साफ नकार दिला. नकार देणारी मी असते तर कुणालाच नवल वाटलं नसतं. या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझं खाणं ठाऊक आहे: पॅलिओ. म्हणजे धान्य नाही, डाळी नाहीत, साखर नाही, दूधदुभतं नाही. अंडी, मटण, मासे, भाज्या, फळं, रताळी आणि बदाम-अक्रोड यांवर माझं सगळं चालतं. माझे वडील, अण्णा, हार्ट ॲटॅकने गेले आणि त्यानंतर काही महिन्यांत मी पळायला लागले. भीतीनेच, उगाच मोठे शब्द कशाला वापरू. पळण्यापाठोपाठ हे खाणं आलं, मला मानवलं, आणि मी पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीला लागले. मग एक दिवस डाव्या नडगीचं हाड बोलायला लागलं. बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी दूध सांगितलं आणि डायटिशियनकडे पाठवलं.

डायटिशियन म्हणाली, "पॅलिओ सोडू नका, पण दूधदुभतं थोडं थोडं परत आणा. आधी तूप, ते सोसलं तर दही, आणि सगळ्यात शेवटी दूध. दूध अर्धाच गिलास, त्याच्यापुढं एक घोट नाही." मी कुरकुरत का होईना, मान्य केलं.

अडलं ते आईपाशी. दिवाळीत न्हाणीत पाय घसरून तिचं मनगट मोडलं. त्याच दिवशी तिचं प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाडं फार ठिसूळ झाली आहेत, गोळ्या देतो पण रोज दूध हवं, पुढच्या वेळी खुबा मोडला तर अवघड होईल. आई म्हणाली, "मला न्हाई पचत." मी थक्क झाले. जन्मात कधी ऐकलं नव्हतं हे. "कधीपासून पचत नाही गं?" "हायच पहिल्यापासून." घरी आल्यावर मी दूध तापवून दिलं, ओरडले, रुसले, शेवटी रडलेही. तिने गिलास उचलून कामवाल्या बाईंना दिला. खुबा मोडला म्हणजे काय होतं ते शेजारच्या काकूंचं पाहिलं होतं मी, अंथरुणाला खिळल्या त्या उठल्याच नाहीत. मला झोप लागेना. मग एक विचार आला: तिचं माहेर. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या अलीकडे तिच्या धाकट्या भावाचं, माझ्या मामाचं घर आहे, दारात तीन म्हशी आहेत. भावाच्या हातचं दूध तरी नाकारणार नाही बाई! माझंही दूध तिथंच सुरू करायचं ठरवलं आणि आईला सांगितलं की मला सोबत चल. "माझ्यासाठी चल" म्हटलं की ती येते, हे हत्यार मी जपून वापरते.

शुक्रवारी सकाळी आम्ही छत्रपती संभाजीनगरहून आमच्या जुन्या गाडीने निघालो. जालन्यापर्यंतचा रस्ता चांगला रुंद आहे, ट्रक मात्र भरपूर, त्यामुळे घाई करू नका. बदनापूरच्या आसपास रस्त्याच्या कडेला मोसंब्यांचे ढीग लागतात. तिथं थांबून घ्याच, शहरातल्यापेक्षा स्वस्त आणि झाडावरून उतरवलेली ताजी. आईने विक्रेत्याशी अशी काही घासाघीस केली की शेवटी त्याने वर दोन मोसंबी फुकट टाकली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही इकडच्याच दिसून राह्यल्या." आई खूश झाली. माहेर जवळ येईल तशी तिची पाठ सरळ होत जाते.

जालन्यात बाजाराच्या बाजूला एका खानावळीत जेवलो. मी मटणाची वाटी आणि काकडी-कांदा मागवला, भाकरी नको म्हटलं. वाढणाऱ्याने आईकडे बघून हळूच विचारलं, "ताईला बरं न्हाई का?" आईने गंभीरपणे सांगितलं, "ती पळती." तो भाकरीची टोपली घेऊन परत गेला. दोघींचं पोटभर जेवण पाचशेच्या आत झालं. रस्सा जहाल आहे, सवय नसेल तर आधी चाखून बघा.

टेंभुर्णीकडे जाणारा रस्ता लहान, मधेच छान, मधेच खड्ड्यांचा. तुरीची काढणी चालली होती. कापसाने फुगलेल्या गाड्या समोरून आल्या की बाजूला थांबावं लागायचं, आणि त्यातला उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांत अडकून राहिला होता. आई खिडकीतून गावांची नावं म्हणत होती. अण्णा गेल्यापासून ती इकडे आली नव्हती. मामाच भेटून जायचा.

मामाचं घर म्हणजे स्लॅबच्या तीन खोल्या, पुढं अंगण, बाजूला म्हशींचा पत्र्याचा गोठा. दूध सकाळ-संध्याकाळ टेंभुर्णीच्या डेअरीला जातं. आम्ही टेकतो न टेकतो तोच मामीने चहा आणला, साय तरंगणारा.

"घ्या अक्का. तुमच्यासाठी म्हून निव्वळ दुधाचा केला."

"आमच्या घरी कोराच पितात गं," आई म्हणाली. "हिचं डायट हाय ना. घरात दूधच येत न्हाई."

"अगं, मला आता चालतं की!" मी म्हणाले. "मामी, आम्हाला दोघींनाही डॉक्टरांनी दूध सांगितलंय. माझं आज तूप, उद्या दही, परवा दूध असं आहे. पण हिला काही बंधन नाही. आई, घे ना."

आईने कप हळूच पुढं सरकवला. मामीच्या लक्षात आलं नाही, पण मामाच्या आलं. तो बोलायला थांबत नाही.

"अक्का, भावजींच्या नावानं सोडलं का काय दूध?"

"काहीच्या काही बोलू नको," आई म्हणाली आणि पाय धुवायला उठून गेली.

मी मनातल्या मनात हिशोब मांडला. अण्णा गेल्यावर काही महिन्यांनी मी दूध बंद केलं, आणि आईने दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं. "एकटीसाठी काय घ्यायचं?" म्हणाली. तेव्हापासून आम्ही दोघी कोरा चहा पितो. मी तर मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे, माझी आई बघा, माझ्यासाठी कोरा चहा पिते! ती माझ्यासाठी पीतच नव्हती. माझ्या डायटच्या आड बसून ती तिचं काहीतरी सांभाळत होती, आणि आता माझंच दूध सुरू व्हायचं म्हटल्यावर तिचा आडोसा निघाला होता.

धारेच्या वेळी मी गोठ्यात गेले तेव्हा मामाने मला नीट समजावलं. त्यांच्या घरात माणूस गेलं की मागे राहिलेलं कुणी त्याच्या आवडीची एखादी वस्तू सोडतं. वर्षश्राद्ध झालं की बाईच्या माहेरचा माणूस येतो, तिला पाटावर बसवून साडी देतो आणि ती वस्तू स्वतःच्या हाताने भरवतो. मग सुटलं. स्वतः होऊन कुणी सोडवून घेत नाही.

"आन हिनं मला सांगितलंच न्हाई बघ," मामा म्हणाला. धार थांबली होती. "मी वर्षश्राद्धाला आल्तो, जेवून गेल्तो. मी जित्ता हाय अन् माझी बहीण बिनदुधाची बसली. भाऊ कशाला असतो मंग?" त्याचे डोळे भरले होते. म्हैस पाय हलवायला लागली तशी त्याने परत धार धरली. अण्णांना दूध कुठं आवडायचं, असं क्षणभर मनात आलं, पण मग वाटलं, चला, निदान कारण तरी कळलं. आता सुटेल.

रात्री मामीने माझ्यापुढं वांग्याचं भरीत ठेवलं आणि त्यावर कढत तुपाची धार धरली. दोन वर्षांनी तूप! वासानेच जीव हरखला. पोट शांत राहिलं. माझ्यासारखं दूधदुभतं परत आणणाऱ्यांना एकच सांगते, एका दिवशी एकच वस्तू घ्या, नाहीतर बिघडलं कशाने तेच कळत नाही. भाकरी, वरण दोन्ही नको म्हटल्यावर मामी मात्र कपाळाला हात लावून बसली. "बाप्पा! मंग तू जगून राह्यली कशावर?"

शनिवारी सकाळी फाट्यापर्यंत चालले, थोडं हळू पळले. नडगी गप्प होती. थंडी अंगाला झोंबणारी, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना ज्वारी. कुत्र्यांसाठी हातात काठी ठेवा. एका आजोबांनी सायकल थांबवून विचारलं, "काय राह्यलं का मागं?" नाही म्हटलं. "मंग जल्दी कशाची हाय?" म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी मळ्यात हुरडा भाजला. ज्वारी म्हणजे धान्य, तेव्हा मी नुसतं दही घेतलं आणि भाजलेली वांगी. दही असं की वाटी उपडी केली तरी पडायचं नाही. सगळ्यांच्या पळसाच्या पानावर मामीने दही वाढलं. आईने हुरडा खाल्ला, लसणाची चटणी खाल्ली, मजेत गप्पाही मारल्या, आणि दही पानाच्या कडेला तसंच राहिलं. मामा सगळा वेळ त्या दह्याकडे बघत होता. तिसऱ्या प्रहरी तो गाडी काढून टेंभुर्णीला गेला आणि खाकी पुडक्यात काहीतरी घेऊन आला.

दिवेलागणीला त्याने देवापुढं पाट मांडला. पाटाशी रांगोळीची चार बोटं, बाजूला हिरवट काठाची साधी साडी, आणि तांब्याभर ताजं दूध. स्वतः आंघोळ करून, टोपी घालून उभा.

"अक्का, बस."

आईने पाटाकडे पाहिलं. "हे काय मांडलंस?"

"बस तू. भावजींच्या नावानं एक घोट घे माझ्या हातनं. झालं. सुटलं."

"मी काही सोडलंच न्हाई तर तू सोडवतो काय?" तिचा आवाज चढला. "उचल ते. साडी तुझ्या बायकोला नेसव."

"मंग पीत का न्हाईस?"

"न्हाई जात."

मामाने टोपी काढली, तांब्या उचलला आणि गोठ्याकडे गेला. जेवायला आला नाही. मामी दोनदा बोलावून आली. मला आईचा भयंकर संताप आला. माणसाने इतकं मनापासून मांडलं, एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं? रात्री अंथरुणावर पडल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं.

"त्यानं मनापासून मांडलं म्हूनच," आई म्हणाली. "त्याच्या मांडलेल्या पाटावर मी खोटं बसू? ज्यांच्या नावानं सोडलंच न्हाई, त्यांच्या नावानं सोडवून घेऊ?"

"मग नक्की काय आहे, सांग तरी."

"सांगण्यासारखं काही न्हाई." तिने तोंड फिरवलं. तिचं ते पट्टा बांधलेलं मनगट उशीखाली होतं, आणि मला वाटलं, हरलो आपण. हे दूध आता कुणीच हिच्या तोंडाला लावू शकणार नाही.

रविवारी निघायचं होतं. सकाळी अंगणात ऊन आलं तेव्हा आई तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती, शेजारी मी. मामा डेअरीची किटली गाडीला अडकवत होता, आईकडे न बघता. आज माझा दुधाचा दिवस. मामीने पितळेचा उभा गिलास काठोकाठ भरून आणला.

"मामी, अर्धाच हवा होता."

"पाहुण्याला अर्धा गिलास देतेत का कुठं? घे गुमान."

कोमट, दाट, किंचित गोडसर. मी सावकाश प्याले, निम्म्याला थांबले. डायटिशियनचा आवाज कानात होता, पोटाचीही भीती होती, परतीचा रस्ता लांबचा. गिलास खाली ठेवला.

"बास. आता नाही जात. टाकून द्या."

आईने शेंगांवरची नजर काढली नाही. हात तेवढा लांब केला, गिलास उचलला, तोंडाला लावला आणि सगळं पिऊन टाकलं. "दूध टाकत असतेत का?" म्हणाली आणि पदराने ओठ पुसला.

मामाच्या हातात किटलीचं कडं तसंच होतं. मग आईला कळलं आपण काय केलं ते. तिने रिकाम्या गिलासात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि एकदम तिला रडू कोसळलं. अण्णा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि तिला सगळ्यांचा चहा बघायचा होता. मामी धावली. मामा मात्र शहाणा निघाला. आत जाऊन ती साडी आणली आणि आमच्या पिशवीत वरच ठेवली. आईने ती काढली नाही.

"काय बघून राह्यलेत सगळे?" थोड्या वेळाने नाक पुसत ती म्हणाली. "डेअरी बंद होईल, जा तू."

परतताना बदनापूर मागे पडलं. मग आई आपणहून बोलायला लागली, समोरच्या रस्त्याकडे बघत.

"माझं लग्न झालं तेव्हा घरात एवढंसं दूध यायचं. तुझी आजी एक गिलास काढून ठेवायची, तुझ्या अण्णांचा. कमावता माणूस. सुनेला दूध कोण देतं? हे अर्धं प्यायचे आन म्हणायचे, आता जात न्हाई, टाकून दे. आन गिलास माझ्या हातात. मी मोरीपाशी जायचे आन पिऊन टाकायचे. सासूबाईंना वाटायचं, पोराला दुधाचा कंटाळा हाय."

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हणाले. हे "टाकून दे" मी लहानपणापासून ऐकलं होतं. अण्णांना दूध आवडत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

"आवडायचं की! साय तर गिलासाला बोट लावून खायचे, कुणी नसलं की." ती जराशी हसली. "पुढं तुझी आजी गेली. घरात लिटर लिटर दूध यायला लागलं. मी म्हटलं, आता पुरं पीत जा, मी घेईन माझं. तरी रोज तेच. अर्धं प्यायचं आन टाकून दे. सवयच पडली दोघांना. मी माझ्यासाठी म्हून कधी गिलास भरलाच न्हाई बघ. ते गेल्यावर एक दिवस भरला. तापवला, गाळला, समोर ठेवला. हातच उचलंना. कुणी त्यातलं प्यालंच न्हवतं ना."

मला गाडी कडेला घ्यावी लागली. ट्रक शेजारून धडधडत जात होते. आईने पिशवीतून मोसंबी काढली, पट्टा बांधलेल्या हाताने सोलायला लागली, बोटांत जोर नव्हता म्हणून माझ्याकडे दिली. मी सोलली. मामाला हे फोन करून सांगू का, विचारलं. "मी सांगते," म्हणाली. "भाऊ हाय माझा."

घरी येऊन आता महिना उलटून गेला. प्रवासाचा हिशोब विचाराल तर तीन दिवसांत पेट्रोल आणि जेवणं सोडून फारसा खर्च नाही, कारण मामाने एक रुपया काढू दिला नाही. हिवाळ्यात जा, तूर आणि हुरडा दोन्ही मिळतील. माझ्यापुरतं सांगायचं तर तूप, दही, दूध तिन्ही मला सोसलं. धान्य आणि डाळ अजून बंद आहे, बाकीचं पॅलिओ तसंच चालू आहे, आणि नडगीची तक्रार उरलेली नाही. पुन्हा लांब पळायला लागले आहे. दूधवाला परत यायला लागला, आणि रोज सकाळी पळून आल्यावर मी अर्धा गिलास पिते आणि अर्धा ओट्यावर ठेवते. मी आंघोळ करून येते तेव्हा गिलास धुऊन पालथा घातलेला असतो.

परवा डायटिशियन म्हणाली, आता पूर्ण गिलास घ्यायला हरकत नाही. मी माळ्यावरून अण्णांचा जुना स्टीलचा गिलास काढला, आमच्या नेहमीच्यापेक्षा दुप्पट मोठा. घासला, काठोकाठ भरला, निम्मा प्याले आणि आईसमोर ठेवला.

"आता जात नाही. टाकून दे."

आई मेथी निवडत होती. तिने गिलास ओळखला. माझ्याकडे पाहिलं, परत गिलासाकडे पाहिलं.

"सगळी सोंगं येतात तुला," ती म्हणाली, हात पदराला पुसले आणि गिलास उचलला.